महामार्गाचे काम आणि आपला ऊस

(शेतकी विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी बेण्याबद्दल, खताच्या मात्रांबद्दल, नाही तर खोडव्याबद्दल लिहितो. या वेळी रस्त्याबद्दल लिहीत आहोत. शेतकीच्या पदविकेत आम्हाला रस्ते-पूल हा विषय नव्हता, हे आधीच कबूल करतो. पण मागच्या काही हंगामांत गट कार्यालयांकडे आलेले अर्ज चाळले, तर हुमणीच्या तक्रारींपेक्षा 'रस्त्याच्या कामामुळे' या शब्दांनी सुरू होणारे अर्ज जास्त निघाले. कुणाची पाइप फुटली, कुणाच्या शेतात पाणी तुंबले, कुणाचा तोडलेला ऊस दोन दिवस वाटेत उभा राहिला. तेव्हा हा विषय आता बांधकामवाल्यांचा राहिलेला नाही, तो उसाचा झाला आहे.

आपल्या कार्यक्षेत्राच्या मधून पुणे–बंगळूर महामार्ग जातो. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून 'चार नंबर'च आहे. २०१० साली क्रमांक बदलून तो ४८ झाला. दोन पदरी असताना याच रस्त्याने आपल्या बैलगाड्या रात्री घुंगरांच्या तालावर कारखान्याला येत. सन दोन हजारनंतर तो चौपदरी झाला आणि आता सातारा ते कागल सहापदरीकरणाचे काम काढले आहे. कऱ्हाड-मलकापूरचा जुना उड्डाणपूल २०२३ मध्ये पाडला, तेव्हापासून तिकडच्या कोंडीचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी पुण्याला जाता-येता घेतला असेल.

रस्ता नको, असे म्हणणारा सभासद आम्हाला अजून भेटलेला नाही. तो कुठल्या तोंडाने म्हणणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ हाच महामार्ग बंद पडला होता. कोल्हापूरचा गॅस, पेट्रोल, औषधे सगळे अलीकडे अडकले आणि दुधाचे टँकर पलीकडे. पुलांचेही तसेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला आणि धावत्या एस. टी. गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. त्यानंतर प्रत्येक जुन्या दगडी पुलावरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर नेताना आपल्या चालकाच्या पोटात गोळा येतो, हे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. तेव्हा मोठा रस्ता आणि भक्कम पूल आपण मागितलेच होते. प्रश्न एवढाच आहे की काम चालू असताना आणि काम झाल्यावर आपल्या शेताचे काय होते, आणि त्यातले किती आपल्या हातात आहे.

दोन्ही हंगाम एकच

रस्त्यालाही हंगाम असतो, हे आम्हाला उशिरा कळले. भराव घालताना माती ठराविक ओलीवर आणून थराथराने रोलरखाली दाबावी लागते. पावसात तिचा चिखल होतो. डांबराच्या कामाला कोरडी हवा लागते. नदीत खांबांचा पाया घेताना पात्रात मातीचा तात्पुरता बांध घालून पाणी एका अंगाला वळवतात आणि मग खोदाई करतात. ते काम नदी उतरल्याशिवाय होत नाही आणि मृग लागायच्या आत तो बांध काढून पात्र मोकळे करावे लागते. थोडक्यात दिवाळी ते मे हा त्यांचा हंगाम. आपलाही बॉयलर दसरा-दिवाळीच्या सुमारास पेटतो आणि गव्हाणीत मोळी पडते ती मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे ज्या महिन्यांत रस्ता उकरलेला असतो, नेमक्या त्याच महिन्यांत आपली सगळी वाहने त्यावर असतात.

२०२४-२५ च्या हंगामातली एक रात्र सांगतो. कारखाना महामार्गाच्या पूर्वेला आणि त्या दिवशी तोड चालली होती पश्चिमेच्या गटात. संध्याकाळी एका ठिकाणचा वळणरस्ता बदलला. नवी वाट दाखवणारा फलक होता, पण वाट होती ती शेतातून काढलेली. मुरूम दाबलेला नव्हता. पहिली ट्रॉली मधोमध रुतली. मागे आमची वाहने, त्यांच्यामागे एस. टी. आणि त्यामागे कंटेनर. आम्ही रात्री दहाला मोटारसायकल घेऊन तिथे पोहोचलो तर चालक ट्रॉलीखाली पोते टाकून झोपलेले. जेसीबी सकाळी आला. वाट सुटायला दुपार झाली आणि आदल्या दिवशी सकाळी तोडलेला ऊस तिसऱ्या दिवशी उजाडताना काट्यावर आला.

या उशिराने काय होते? ऊस तोडला म्हणजे मेला असे नाही. त्यातली क्रिया चालूच राहते. एकीकडे पाणी उडून वजन घटते. दुसरीकडे तयार झालेली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, ज्याची पोत्यातली साखर होत नाही. तोडीच्या जागेवरून जिवाणू आत शिरतात आणि रस चिकट, बुळबुळीत होतो. असा रस कारखान्यात गाळायला व शिजवायला त्रास देतो. ऊन वाढेल तसे हे सगळे वेगाने होते. म्हणून चोवीस तासांत गाळप व्हावे, असे आम्ही कानीकपाळी ओरडत असतो.

आता हे ध्यानात घ्या की वजनातली घट ज्याची त्याची असते, पण उताऱ्यातली घट सर्वांची असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरवली. उतारा ०.१ टक्क्याने वर गेला तर क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जास्त आणि खाली आला तर तेवढेच कमी (९.५ टक्क्यांच्या खाली मात्र आणखी कपात नाही). टनाला हे ३४ रुपये ६० पैसे झाले. शंभर टन ऊस घालणाऱ्याला ३,४६० रुपये. त्या रात्री वाटेत अडकलेल्यांचा ऊस शिळा झाला, पण उतारा कारखान्याचा एकच निघतो. ज्याचा फड गेटाला लागून आहे त्याच्याही बिलात ते उतरते. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च बिलातून सरासरीने वजा होतो. वळसा पडून वाढलेले किलोमीटरही मग सगळ्यांच्याच डोक्यावर.

त्या रात्रीनंतर आम्ही एक साधी गोष्ट केली. रस्त्याच्या कामावरच्या इंजिनियरकडून पुढच्या आठवड्यात कोणता वळणरस्ता बदलणार हे दर शनिवारी विचारून घ्यायचे आणि त्याप्रमाणे सोमवारचा तोडणी प्रोग्रॅम लावायचा. इंजिनियर साहेब पहिल्यांदा म्हणाले, "हे आम्हाला कुणी विचारतच नाही." जिथे खोदाई आहे त्या बाजूच्या टोळ्या त्या आठवड्यात कमी ठेवतो. यात कुणाचा नंबर चार-आठ दिवस पुढे-मागे होतो आणि मग शेतकी विभागाने वशिला केला अशी कुजबुज होते. तसे नाही हे येथे स्पष्ट करतो. नोंद वहीत आहे, कुणीही येऊन पाहावी. सभासदांकडून एवढेच हवे की वाहन फडावर लागल्याशिवाय कोयता लावू देऊ नये. मुकादमाला उचल फेडायची घाई असते, ती आपण समजू शकतो. पण बांधावर पडलेली मोळी त्याची नसते, आपली असते.

रस्त्याखालचे पाणी

आता मुख्य मुद्दा. रस्त्यावर काय चालते ते सगळ्यांना दिसते. रस्त्याखाली काय चालते ते पावसाळ्यातच दिसते आणि तोवर उशीर झालेला असतो.

आपल्याकडची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरती. डोंगराकडचे पाणी ओघळींनी, चरांनी उतरून ओढ्याला आणि ओढ्यातून वारणा-पंचगंगेला मिळते. महामार्ग जातो उत्तर-दक्षिण, म्हणजे पाण्याच्या वाटेला आडवा. जमिनीपासून दोन-तीन मीटर उंचीचा, कित्येक मैल लांबीचा भराव म्हणजे एक बांधच झाला. त्या बांधाला जिथे जिथे मोरी ठेवली तिथूनच पाणी जाणार. नाही ठेवली तिथे ते तुंबणार. शिरोलीजवळ पंचगंगेच्या पूरक्षेत्रात भराव न घालता खांबांवरच रस्ता न्या, अशी मागणी लोकांनी लावून धरली ती याच कारणाने. नदीच्या पुलाचा जलमार्ग किती रुंद असावा, याचा हिशेब मोठे इंजिनियर पाणलोट क्षेत्र आणि आजवरची सर्वांत उंच पूरपातळी धरून करतात. मोठ्या नद्यांची नोंद सरकारदरबारी असते. पण आपल्या रानातल्या ओघळीची नोंद कुणाकडे असते? ती फक्त त्या रानातल्या माणसाच्या डोक्यात असते.

महामार्गाला लागून असलेल्या एका गावचे आमचे एक सभासद आहेत. वय सत्तरीच्या पुढे. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. रस्त्याच्या पश्चिमेला त्यांचे चार एकर रान, काळी कसदार जमीन. जुन्या रस्त्याखाली त्यांच्या बांधाच्या कोपऱ्यावर एक पाइपमोरी होती. मोजणीवाले आले एप्रिलमध्ये. ओघळ कोरडी ठणठणीत, तिच्यात बाभळी वाढलेल्या. पाहणाऱ्याला ती खड्ड्यासारखी दिसली असेल. सेवा रस्त्याचा भराव पडला तेव्हा मोरीचे तोंड त्याखाली गेले. म्हातारबाबा २०२४ च्या मे महिन्यात आमच्या गट कार्यालयात आले आणि म्हणाले, "सायेब, रस्ता झ्याक हुईल, पर माझं पाणी कुठनं जायाचं?" आम्ही त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला, चहा पाजला आणि अर्ज फायलीला लावला. हा आपला विषय नव्हे, असे तेव्हा आम्हाला वाटले. ते लपवण्यात अर्थ नाही.

जुलैमध्ये पाऊस लागला. सुरू उसाची भरणी नुकतीच झाली होती, ऊस जोमात होता. पाणी भरावाला येऊन थडकले आणि मागे पसरले. अकरा दिवस चार एकरांत गुडघाभर पाणी. उसाच्या मुळाला हवा लागते. ती कोंडली की पांढरी मुळी काळी पडते, वरून पाने पिवळी पडतात आणि मग खत कितीही टाका, पीक ते उचलत नाही. पाणी सरल्यावर आम्ही त्या सरीत उतरलो तेव्हा हाताने उपटला तर ठोंब सहज निघत होता. म्हातारबाबा बांधावर उभे होते. आम्हाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते. त्या रानाचा ऊस निम्म्यावर आला आणि खोडवा ठेवण्याच्या लायकीचे काही राहिले नाही.

एका सालाचे पीक गेले तर माणूस सावरतो. खरी भीती पुढची आहे. वाळवा, शिरोळ, मिरज या तालुक्यांत पाण्याचा निचरा न झाल्याने क्षारपड झालेल्या जमिनी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पाणी साचते, जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते, वर आलेले पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. पहिल्या-दुसऱ्या वर्षी कळतही नाही. मग उसाची उगवण विरळ होते, सरीच्या माथ्यावर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते, आणि शेवटी लव्हाळा. ती जमीन परत आणायला सच्छिद्र पाइप गाडून निचरा करावा लागतो. त्या पाइपलाही शेवटी पाणी सोडायला खालच्या अंगाला जागा लागते आणि ती जागा भरावाने बंद केलेली असेल तर निचऱ्याचा खर्चही मातीत. म्हणून मोरी हा एका पावसाळ्याचा नव्हे, जमिनीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

त्या हिवाळ्यात आम्ही तो अर्ज फायलीतून काढला. भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा जुना नकाशा मिळवला. त्यात ओघळीची रेघ स्पष्ट होती. गावातल्या पोरांनी जुलैमध्ये मोबाइलवर काढलेले फोटो होते, त्यात भरावाला टेकलेले पाणी आणि किलोमीटरचा दगड एकाच फोटोत दिसत होता. हा दगड फार कामाला आला. ग्रामसभेचा ठराव घेतला. हे सगळे घेऊन कारखान्याचे दोन संचालक, सरपंच, म्हातारबाबा आणि आम्ही असे महामार्गाच्या कार्यालयात गेलो. एकदा नव्हे, चार वेळा. तिसऱ्या खेपेला एक तरुण इंजिनियर जागेवर आला, त्याने म्हातारबाबांना बरोबर घेऊन ओघळ वरपासून खालपर्यंत चालून पाहिली आणि तिथेच नकाशावर खूण केली. सेवा रस्त्याचा तेवढा भाग अजून डांबरी झालेला नव्हता म्हणून जमले. मार्चमध्ये मोरी लांबवून बाहेर काढली. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच उतरला, हे आपल्याला आठवत असेल. बेसावध असलेल्यांचे फार हाल झाले. त्या रानातले पाणी मात्र दोन दिवसांत निघून गेले.

यातून तारखेचा हिशेब लक्षात घ्यावा. आपली हरकत जानेवारीत पोहोचली तर काम त्याच हंगामात होऊ शकते. मे मध्ये दिलेला अर्ज हा पुढच्या वर्षीचा अर्ज. आणि वरचा डांबराचा थर एकदा पडला की तो परत उकरायला कुणी तयार होत नाही, मग तुमचे म्हणणे कितीही खरे असो.

पाणी अडवणारा नेहमी महामार्गच असतो असेही नाही. काम करणाऱ्यांनी वाहने नेण्यासाठी ओढ्यात घातलेला कच्चा भराव, शेजाऱ्याने रस्त्याकडच्या प्लॉटसाठी बुजवलेला चर, हे प्रकार जास्त. नैसर्गिक प्रवाहाला असा अडथळा कायदेशीर अधिकाराशिवाय केलेला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार तो काढायला लावू शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. भावकीत बघून घेऊ म्हणता म्हणता हे सहा महिने निघून जातात.

पाइपलाइनची गोष्टही अशीच. उपसा सिंचनाच्या आपल्या कित्येक पाइपा जुन्या रस्त्याखालून गेलेल्या आहेत. काहींचे कागद आहेत, बऱ्याच जणांचे नाहीत. रुंदीकरणात त्या फुटल्या की फेब्रुवारी-मार्चमध्ये पाण्याच्या दोन पाळ्या चुकतात आणि तेवढ्यात उसाची कांडी आखूड पडते. आपली पाइप कुठून जाते, किती खोल आहे, किती इंची आहे, हे खोदाईपूर्वी लेखी कळवावे आणि जागेवर चुन्याची खूण करावी. नवी ओलांडणी घ्यायची तर महामार्ग प्राधिकरणाची परवानगी लागते आणि पाइप उघडी न टाकता मोठ्या पाइपच्या आवरणातून, रस्त्याच्या पृष्ठभागापासून निदान १.२ मीटर खाली न्यावी लागते. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एकच मोठे आवरण टाकले तर खर्चही वाटला जातो. रात्री गुपचूप पाइप सरकवण्याचे उद्योग कृपया करू नयेत. रोलर फिरला की ती चेपते आणि तक्रार करायला तोंड राहत नाही.

बोगद्याची उंची, जमिनीचे तुकडे आणि मुरूम

सहापदरी रस्ता झाल्यावर तो कुठूनही ओलांडता येणार नाही. पलीकडे जायचे तर भुयारी मार्ग, ज्याला आपण बोगदा म्हणतो. सगळे बोगदे सारखे नसतात. अवजड वाहनांसाठीच्या बोगद्याची उंची साडेपाच मीटर असते. हलक्या वाहनांसाठीचा चार मीटरच्या आसपास. माणसा-जनावरांसाठीचा त्याहून बुटका. भरलेला उसाचा ट्रक चार मीटरला टेकतोच. म्हणजे गावाला बोगदा मंजूर झाला म्हणून पेढे वाटायच्या आधी त्याची उंची विचारावी. बैठकीत 'गावाला बोगदा हवा' एवढेच सांगितले जाते आणि बोगदा मिळतोही. पुढे हंगामात ट्रक त्याच्या तोंडाशी अडतो आणि चार-पाच किलोमीटरचा वळसा कायमचा मागे लागतो. मागणीत 'उसाची भरलेली वाहने जाण्याजोगा' हे शब्द घालावेत. आमच्या विभागाकडून त्या रस्त्याने किती ऊस येतो, याचा दाखला हवा असल्यास मिळेल.

भूसंपादन हा वकिलांचा प्रांत आहे, त्यात आम्ही खोल शिरत नाही. दोनच गोष्टी सांगतो. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ (ए) खालची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून हरकत घ्यायला फक्त एकवीस दिवस असतात. आपण वर्तमानपत्र राशिभविष्यासाठी आणि निधनवार्तेसाठी वाचतो, जाहीर नोटिसांचे पान उलटून टाकतो. ते पाहत जावे. दुसरे असे की, १ जानेवारी २०१५ पासून महामार्गाच्या संपादनालाही २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदल्याचे हिशेब लागू आहेत. शंभर टक्के दिलासा रक्कम त्यातच येते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण जमिनीचा तुकडा पडल्याने उरलेल्या जमिनीचे जे नुकसान होते तेही मोबदल्यात धरण्याची तरतूद महामार्ग कायद्याच्या कलम ३ (जी) मध्ये आहे, हे कमी जणांना ठाऊक असते. विहीर एका बाजूला आणि ऊस दुसऱ्या बाजूला, किंवा सरी काढता येणार नाही अशी त्रिकोणी पट्टी उरली, तर ते संयुक्त मोजणीच्या दिवशीच लिहून घ्यायला सांगावे. विहीर, पाइप, झाडे, उभा ऊस, सगळे पंचनाम्यात यावे. त्या दिवशी स्वतः हजर राहावे. लग्न असले तरी.

आता मुरूम आणि माती. भरावाला काळी माती चालत नाही, कारण ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. म्हणून मुरमाड माळाला एकदम भाव आला. माळ सपाट करून मिळतो आणि वर पैसेही मिळतात, म्हणून काही सभासदांनी हो म्हटले. माळ खरोखर खडकाळ असेल तर त्यात गैर नाही. पण आम्ही असेही पाहिले की वरची दीड-दोन फूट चांगली माती बाजूला न काढता तिच्यासकट उचलली आणि मागे उरला तो कातळ. एक फूट माती तयार व्हायला किती पिढ्या जातात, हे पदविकेच्या पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवले होते. एवढे मात्र पक्के करा की वरची माती आधी वेगळी काढून ठेवतील आणि खोदाई झाल्यावर परत पसरतील, आणि ते कागदावर घ्या. शेत शेजाऱ्याच्या बांधापेक्षा खोल जाऊ देऊ नका. मग सगळ्या शिवाराचे पाणी तुमच्याकडे येईल. गौण खनिजाचा परवाना कोणाच्या नावाने आहे आणि किती ब्रासचा आहे तेही पाहा. विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. यंत्रे दुसऱ्या गावी निघून जातात, सातबारा मात्र तुमच्याच नावाचा असतो, आणि बोजा चढला की सोसायटीचे कर्जही अडते.

धुळीबद्दल पुष्कळ सभासद विचारतात. पानावर धूळ बसली की ऊन कमी लागते आणि अन्न कमी तयार होते, यात शंका नाही. रस्त्यालगतच्या पहिल्या पंधरा-वीस सऱ्यांना हा त्रास जास्त. उपाय आपल्या बाजूने फारसा नाही. रस्त्यावर दिवसातून दोन-तीनदा पाणी मारणे हे काम करणाऱ्यांचे कर्तव्य आहे आणि ते होत नसेल तर गट कार्यालयाला कळवावे, आम्ही फोन करू. पहिला पाऊस पडेपर्यंत या सऱ्या थोड्या फिक्या दिसतील, म्हणून युरिया वाढवून टाकू नये.

आता आपल्याही बाजूची एक गोष्ट. रात्रीच्या वेळी मागे लाल दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, आणि वळसा वाचवण्यासाठी उलट्या दिशेने आलेली उसाची ट्रॉली किती संसार बुडवते, ते आपण दर हंगामात पाहतो. वळणरस्त्यावर तर समोरच्याला काहीच दिसत नाही. परावर्तक पट्ट्या नसलेल्या ट्रॉलीला चिठ्ठी द्यायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. काही वाहनमालक यावर नाराज आहेत. असू देत.

ज्यांची जमीन महामार्गाच्या दोन्ही अंगांना शंभर मीटरच्या आत आहे, त्यांच्यासाठी अर्जाचा छापील नमुना चिटबॉयकडे ठेवला आहे. त्यात ओघळ, मोरी, पाइप आणि ओलांडणी अशी चार घरे आहेत. जे लागू असेल ते भरावे. सोबत सातबारा, गटाचा नकाशा आणि पावसाळ्यातला एखादा फोटो जोडावा. फोटोत किलोमीटरचा दगड किंवा ओळखू येईल असे काही तरी असावे. गट कार्यालयात अर्ज दिल्यावर शिक्का मारलेली पोच घ्यावी, आणि पंधरा दिवसांत आमच्याकडून कुणी जागेवर आले नाही तर ती पोच घेऊन सरळ आमच्या टेबलाशी यावे.